किट प्रथिन शरीरात काय काय करतं? उंदरांतली म्युटेशन वापरून शोधायची पद्धत, पायरीपायरीने

काळ्या उंदरांच्या वेतात एखादं पिल्लू पूर्ण पांढरं निघालं, तर आधी त्याचे डोळे बघावेत. डोळे गुलाबी असतील तर रंगद्रव्य बनवणारं टायरोसिनेज एन्झाइम बिघडलेलं असतं. रंगपेशी जागेवर असतात, त्यांना रंग तयार करता येत नाही एवढंच. डोळे काळेभोर असतील तर रंग बनवायची यंत्रणा शाबूत आहे, पण रंगपेशीच कातडीत पोचलेल्या किंवा टिकलेल्या नाहीत. कातडीतल्या रंगपेशी गर्भाच्या पाठीकडच्या न्यूरल क्रेस्ट या पेशींच्या पट्ट्यातून निघून लांबचा प्रवास करतात. डोळ्याच्या पडद्यामागचा काळा थर मात्र जागच्या जागी तयार होतो, त्यामुळे प्रवास अडला तरी त्याला धक्का लागत नाही. प्रथिनाच्या कामाचा पहिला धागा असा नुसत्या नजरेने हाती लागतो.

काळ्या डोळ्यांचे पांढरे उंदीर देणाऱ्या जनुकांत किट हे सगळ्यांत जास्त अभ्यासलेलं. म्युटेशनवरून प्रथिनाची कामं कशी काढायची हे दाखवायला ते उत्तम, कारण त्याचं काम एक नाही, निदान सहा आहेत आणि त्यांचा एकमेकांशी वरवर काहीही संबंध दिसत नाही. हे पेशीच्या पृष्ठभागावरचं रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश घेणारं प्रथिन. बाहेरच्या बाजूला इम्युनोग्लोब्युलिनसारखे ५ भाग, मध्ये पेशीपटल ओलांडणारा तुकडा, आत टायरोसिन कायनेज, म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट जोडून संदेश पुढे देणारं एन्झाइम. स्टेम सेल फॅक्टर नावाचं प्रथिन दोन किट रेणूंना जोडीने आणतं आणि जोडी जमली की कायनेज चालू होतं. ‘डब्ल्यू’ नावाने ओळखले जाणारे पांढऱ्या ठिपक्यांचे उंदीर किट माहीत होण्याआधी कित्येक दशकं पाळले जात होते. ५ व्या गुणसूत्रावरची ती जागा म्हणजे किटचं जनुक, हे १९८८ मध्ये कळलं. त्याच्यासारखेच दिसणारे ‘स्टील’ उंदीर १० व्या गुणसूत्रावरच्या म्युटेशनमुळे होतात, आणि ते जनुक स्टेम सेल फॅक्टरचं आहे, हे १९९० मध्ये सिद्ध झालं.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. जनुक पूर्ण बंद केलं आणि उंदीर मेला, तर त्यावरून प्रथिनाचं काम कळत नाही. सर्वांत आधी काय कोसळलं एवढंच कळतं. किट अजिबात नसलेली पिल्लं जन्माच्या आसपास किंवा पहिल्या आठवड्यात ॲनिमियाने दगावतात. किटची कहाणी तिथेच थांबली असती, तर आतड्यातलं, कानातलं, वृषणातलं काम कोणाला दिसलंच नसतं. ते दिसलं अर्धवट बिघडलेल्या म्युटेशनमुळे.

पायरी १: उंदराला हात लावण्याआधी

जॅक्सन लॅबोरेटरीच्या माउस जीनोम इन्फॉर्मॅटिक्स या डेटाबेसवर आपल्या जनुकाचं पान उघडा आणि आजवर नोंदलेले सगळे ॲलील, म्हणजे त्या जनुकाची वेगवेगळी रूपं, वाचा. किटचे शेकड्याने आहेत. हवा तो उंदीर आधीच कुणीतरी बनवला असेल, तर तो मागवणं नवा बनवण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त आणि लवकरचं काम. इंटरनॅशनल माउस फिनोटायपिंग कन्सॉर्शियमच्या नोंदीही बघा. त्यांच्या पहिल्या १,७५१ नॉकआउटपैकी (जनुक पूर्ण बंद केलेल्या वंशांपैकी) ४१० प्राणघातक निघाले होते, म्हणजे साधारण चारात एक. आपलं जनुक त्यातलं असेल तर योजना पहिल्यापासून वेगळी आखावी लागते.

जनुकाचे शेजारी कोण, तेही लिहून ठेवा. किटच्या एका बाजूला पीडीजीएफआर-आल्फा, दुसऱ्या बाजूला केडीआर. दोन्ही महत्त्वाचे रिसेप्टर. या भागात मोठा तुकडा उडाला किंवा उलटा बसला, तर दोष कुणाचा हे सांगता येत नाही. ‘सॅश’ नावाच्या किट ॲलीलमध्ये हेच झालंय, त्याबद्दल पुढे.

भारतात काम करायचं तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आणि प्राणिगृहाची सीसीएसईए या प्राणीप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडे नोंदणी लागते. जनुक बदललेला उंदीर असेल तर जैवसुरक्षा समितीचीही मंजुरी. अर्जात जनावरांची संख्या लिहावी लागते आणि तिथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. हवे ते जीनोटाइप (जनुकाच्या दोन प्रतींची जोडी) चारात एक मिळणार असतील, तर २० उंदरांसाठी निदान ८० पिल्लं जन्मावी लागतात, वर जोडीची जनावरं वेगळी. पुण्यातल्या आयसरमध्ये नॅशनल फॅसिलिटी फॉर जीन फंक्शन इन हेल्थ अँड डिसीज ही सुविधा आहे, बंगळुरूच्या एनसीबीएसमध्येही जनुकबदल केलेले उंदीर तयार करण्याची सोय आहे. अर्ज लिहिण्याआधी अशा ठिकाणच्या लोकांशी बोललेलं बरं.

पायरी २: कोणतं म्युटेशन

अख्ख्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. एकाच जनुकाची वेगवेगळ्या प्रकारे बिघडलेली रूपं शेजारी शेजारी ठेवली की प्रथिनाचे भाग आणि त्यांची कामं सुटी होत जातात. किटची पाच रूपं बघा.

‘डब्ल्यू’ या ॲलीलमध्ये प्रथिनातली ७८ अमिनो आम्लं गायब असतात आणि त्यात पेशीपटल ओलांडणारा तुकडाही जातो. प्रथिन पृष्ठभागावर येतच नाही, त्यामुळे हा जवळपास पूर्ण नॉकआउट. एक प्रत चांगली असेल तर काळ्या उंदराच्या पोटावर पांढरा डाग येतो, बाकी फारसं काही नाही. ‘डब्ल्यू-४२’ मध्ये ७९० व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्परॅजिन आलं आहे. फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं, प्रथिन पृष्ठभागावर व्यवस्थित पोचतं, पण कायनेज मेलेलं. सहज बघता हा ‘डब्ल्यू’पेक्षा सौम्य वाटावा. प्रत्यक्षात एकाच खराब प्रतीवरही उंदीर बराचसा पांढरा होतो. कारण गणितात आहे. किट जोडीने काम करतं. निम्मे रेणू मेलेले असतील तर दोन्ही रेणू चांगले असलेल्या जोड्या फक्त चारात एक बनतात. ‘डब्ल्यू’च्या बाबतीत खराब प्रथिन जोडीला हजरच नसतं, म्हणून निम्मं काम शिल्लक राहतं. हे रिसेप्टर जिवंत प्राण्यातही जोडीनेच चालतं, याचा हा चांगला पुरावा आणि तो केवळ पोटावरच्या डागाच्या आकारावरून दिसतो.

‘डब्ल्यू-व्ही’ मध्ये ६६० व्या जागी थ्रिओनिनच्या जागी मेथिओनिन. कायनेज मंदावतं, पूर्ण थांबत नाही. ‘डब्ल्यू’ची एक प्रत आणि ‘डब्ल्यू-व्ही’ची एक प्रत असलेला उंदीर जगतो. तो पांढरा, काळ्या डोळ्यांचा, ॲनिमिक, वंध्य आणि मास्ट सेल (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या प्रतिकारपेशी) जवळपास नसलेला असतो. किटबद्दल जे काही माहीत आहे त्यातला मोठा वाटा या एका जोडणीतून आला.

‘सॅश’ मध्ये प्रथिनाचा क्रम शाबूत आहे. जनुकाच्या वरच्या बाजूचा डीएनए उलटा बसल्याने ते काही पेशींत चालूच होत नाही. हे उंदीर वंध्य नाहीत, ॲनिमिकही नाहीत, पण प्रौढ वयात मास्ट सेल नसतात.

पाचवं रूप मुद्दाम घडवलेलं. ७१९ व्या जागचं टायरोसिन बदलून फिनाइलॲलॅनिन केलं की पीआय३-कायनेज हे संदेश पुढे नेणारं एन्झाइम किटला चिकटू शकत नाही, बाकीचे संदेश चालू राहतात. २००० मध्ये असे उंदीर तयार झाले. नर वंध्य, पण अंगाचा रंग ठीक आणि ॲनिमियाही नाही. म्हणजे शुक्रपेशी तयार होण्यासाठी किट ज्या वाटेने संदेश देतं ती वाट रंगपेशींना तितकीशी लागत नाही. असला निष्कर्ष नॉकआउटमधून कधीच निघाला नसता.

तेव्हा शक्य असेल तर निदान तीन रूपं घ्या: एक पूर्ण बंद, एक अर्धवट, आणि एक असं की ज्यात प्रथिन आहे पण त्याचं एकच अंग निकामी.

पायरी ३: नवा उंदीर बनवावा लागला तर

क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या पद्धतीत फलित अंड्यात कापणारं कॅस९ प्रथिन आणि त्याला जागा दाखवणारा गाइड आरएनए सोडतात, हल्ली बहुधा विजेच्या झटक्याने. बिंदू म्युटेशन हवं असेल तर सोबत दुरुस्तीचा नमुना म्हणून १०० ते २०० बेसचा एकेरी डीएनए. नॉकआउट करताना सुरुवातीच्या एक्झॉनमध्ये (जनुकाच्या प्रथिन सांगणाऱ्या तुकड्यात) काप घेतला की झालं, असं समजू नका. त्या एक्झॉनची लांबी ३ ने भागली जात असेल, तर पेशी तो गाळून पुढचं प्रथिन व्यवस्थित बनवू शकते. पुढे दुसरा एटीजी (प्रथिनाची सुरुवात सांगणारी खूण) असेल तर तिथून आखूड प्रथिन सुरू होतं. ३ ने भाग न जाणारा, बहुतेक सगळ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये असलेला, आणि प्रथिनाच्या कळीच्या भागाआधी किंवा त्यातच येणारा एक्झॉन निवडा. दोन गाइड वापरून तो अख्खा उडवणं जास्त खात्रीचं.

पहिल्या पिढीतलं पिल्लू मोझेक असतं, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळे काप असतात. त्याच्यावर कुठलीही मोजमापं करू नका. त्याला साध्या उंदराशी लावा, पिल्लांतून एकच स्वच्छ ॲलील निवडा, आणि किमान दोन स्वतंत्र पहिल्या पिल्लांपासून दोन वंश चालवा. दोन्हीकडे सारखाच दोष दिसला तर भलत्याच ठिकाणी पडलेल्या कापाची शंका बरीचशी फिटते. कापाच्या जागेभोवती २ ते ५ हजार बेसचा लांब पीसीआर जरूर करा. क्रिस्परने कधी कधी अपेक्षेपेक्षा खूप मोठा तुकडा उडतो, नेहमीचा प्रायमर तिथे बसतच नाही, आणि एक प्रत खराब असलेलं पिल्लू साधं असल्यासारखं वाचलं जातं.

पायरी ४: जोड्या आणि वेतांचं गणित

‘डब्ल्यू’ची एक प्रत असलेला नर आणि ‘डब्ल्यू-व्ही’ची एक प्रत असलेली मादी लावली की चार प्रकारची पिल्लं समान प्रमाणात येतात: साधी, फक्त ‘डब्ल्यू’, फक्त ‘डब्ल्यू-व्ही’, आणि दोन्ही. यासाठी एक पालक डब्ल्यूबी जातीचा आणि दुसरा सी५७ ब्लॅक ६ जातीचा घ्यायची पद्धत आहे. पहिल्या संकरातली सगळी पिल्लं पार्श्वभूमीच्या दृष्टीने सारखी आणि अंगाने दणकट निघतात, आणि ॲनिमिक जनावराला तो दणकटपणा उपयोगी पडतो.

मादीला सकाळी योनीत प्लग (समागमानंतर वीर्याचा घट्ट झालेला गोळा) दिसला की त्या दिवसाची दुपार म्हणजे गर्भाचा ०.५ वा दिवस. गाभणकाळ १९ ते २१ दिवस, दूध तोडायचं २१ व्या दिवशी. पण पिल्लांची मोजणी दूध तोडताना सुरू करू नका, जन्मदिवशीच करा. आई मेलेलं पिल्लू खाऊन टाकते आणि तुम्हाला वाटतं ते जन्मलंच नाही. केस यायच्या आधीही बरंच दिसतं. गुलाबी भावंडांत फिकट पडलेलं पिल्लू ॲनिमियाचं. मिटलेल्या पापणीतून काळा डोळा दिसत असेल तर ते अल्बिनो नाही.

किती पिल्लं तपासली म्हणजे ‘हा जीनोटाइप जगत नाही’ असं म्हणता येईल? चारात एक अपेक्षित असताना एकही न सापडण्याची शक्यता प्रत्येक पिल्लामागे ०.७५ ने गुणली जाते. ११ पिल्लांनंतर ती सुमारे ४ टक्के, १६ नंतर १ टक्का. त्यामुळे एका वेतातल्या ७ पिल्लांवरून निष्कर्ष काढू नये. थोडी सापडत असतील तर काय-स्क्वेअर ही अपेक्षा आणि मोजणीतला फरक तपासणारी चाचणी लावा. समजा दूध तोडताना ४० पिल्लांत १३ साधी, २५ एक प्रत खराब, २ दोन्ही खराब अशी आली. अपेक्षा १०, २०, १०. बेरीज ८.५५, दोन डिग्री ऑफ फ्रीडमची मर्यादा ५.९९; म्हणजे काही पिल्लं वाटेत गळतायत.

गळतायत तर कुठे, हे शोधायला उलट्या दिशेने जा: आधी जन्मदिवस, मग १८.५, १४.५, १२.५, ९.५ वा दिवस. नवव्या-दहाव्या दिवशीचे मृत्यू बहुधा हृदय, रक्तवाहिन्या किंवा प्लासेंटाचे. १२ व्या दिवसानंतर रक्त मुख्यतः गर्भाच्या यकृतात तयार होतं, म्हणून किट नसलेल्या गर्भाचं यकृत भावंडांच्या शेजारी ठेवलं की फिकट आणि लहान दिसतं. गर्भाचं जीनोटायपिंग योक सॅक या गर्भाभोवतीच्या पिशवीवरून करा, पण आधी तो पीबीएस या क्षारद्रावणात दोन-तीनदा धुऊन आईचा तुकडा चिकटलेला नाही ना बघा. आईचा डीएनए मिसळला की दोन्ही प्रती खराब असलेला गर्भ एकच प्रत खराब असल्यासारखा वाचला जातो आणि सगळं गणित बिघडतं.

पार्श्वभूमीची जात हा दुय्यम तपशील नव्हे. ईजीएफ रिसेप्टर नसलेले उंदीर एका जातीत गर्भाशयात रुजण्याच्या सुमारासच मरतात, दुसऱ्या जातीत गर्भकाळाच्या मध्यावर, तर तिसऱ्या जातीत जन्मून सुमारे तीन आठवडे जगतात. म्युटेशन तेच. ब्लॅक ६ मध्येही ‘जे’ आणि ‘एन’ असे दोन उपवंश आहेत. ‘जे’ मध्ये एनएनटी जनुक तुटलेलं आहे, ‘एन’ मध्ये डोळ्याचा पडदा बिघडवणारं सीआरबी१ चं म्युटेशन. उपवंश मिसळले आणि नोंद ठेवली नाही, तर भलताच दोष आपल्या प्रथिनाच्या नावावर जातो. तुलना नेहमी त्याच वेतातल्या भावंडांशी करावी, विकत आणलेल्या उंदरांशी नको.

पायरी ५: जीनोटायपिंग आणि प्रथिनाची खात्री

कानाचा २ मिलिमीटरचा तुकडा पुरतो. त्यावर ७५ मायक्रोलिटर द्रावण घाला: २५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि ०.२ मिलिमोलर ईडीटीए. ९५ अंशांवर ३० ते ६० मिनिटं, थंड करा, मग ७५ मायक्रोलिटर ४० मिलिमोलर ट्रिस-एचसीएल. २० मायक्रोलिटरच्या पीसीआरला यातलं १ ते २ पुरे. पीसीआर चालली नाही तर बहुतेक वेळा कारण जास्त तुकडा हेच असतं. द्रावण दहापट पातळ करून पुन्हा लावा. ‘डब्ल्यू-व्ही’ सारखं एका बेसचं म्युटेशन, एसीजीचं एटीजी झालेलं, पट्ट्यांच्या लांबीवरून दिसणार नाही. त्याला सिक्वेन्सिंग किंवा ॲलील ओळखणारा प्रोब लागतो. प्रत्येक वेळी पाणी, माहीत असलेला साधा उंदीर आणि माहीत असलेला एक प्रत खराब असलेला उंदीर हे तीन नमुने सोबत ठेवा.

डीएनए बदलला म्हणजे प्रथिन गेलं असं नाही. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) करा, शक्यतो प्रथिनाच्या दोन टोकांना चिकटणाऱ्या दोन अँटिबॉडींनी, म्हणजे आखूड प्रथिन उरलं असेल तर कळेल. कायनेज मेलेल्या ॲलीलमध्ये पट्टी दिसतच राहते. तिथे काम मोजावं लागतं: पेशींना मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम स्टेम सेल फॅक्टर ५ मिनिटं द्या, लगेच बर्फावर ठेवून फोडा, आणि फॉस्फोरिलेटेड किट बघा.

पायरी ६: अवयवानुसार तपासणी

कन्सॉर्शियमच्या पद्धतीत प्रत्येक वंशाचे साधारण ७ नर आणि ७ माद्या तपासतात. सुरुवातीला तेवढे धरा. मोजणाऱ्याला जीनोटाइप माहीत नसावा. काळ्या-पांढऱ्या उंदरांत हे जमत नाही, म्हणून नमुने दुसऱ्याने घेऊन त्यावर नुसते आकडे घालावेत.

रक्तापासून सुरुवात. २५ ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्त जेमतेम १.८ मिलिलिटर. एका वेळी १५० ते २०० मायक्रोलिटरच्या वर घेऊ नका, आणि पुढच्या वेळेआधी दोन आठवडे जाऊ द्या; नाहीतर रक्त काढूनच तुम्ही ॲनिमिया कराल आणि म्युटेशनला दोष द्याल. ईडीटीएच्या नळीत घेऊन लगेच हलवा, गुठळी झाली तर प्लेटलेटचा आकडा फेकून द्यावा लागतो. साध्या उंदरात मायक्रोलिटरला ९० लाख ते १ कोटी तांबड्या पेशी असतात. ‘डब्ल्यू’/‘डब्ल्यू-व्ही’ मध्ये त्या बऱ्याच कमी, पण प्रत्येक पेशी आकाराने मोठी. हे मोठेपण महत्त्वाचं आहे: लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात, इथे तसं नाही, म्हणजे अडचण कच्च्या मालाची नसून पेशी वाढण्याच्या टप्प्यावर आहे.

मास्ट सेलसाठी कानाच्या कातडीचे छेद, आम्लयुक्त टोल्युडिन ब्लूचा रंग. दाणे जांभळे दिसतात. पोटाच्या पोकळीत ५ मिलिलिटर पीबीएस सोडून, पोट हळू चोळून परत काढलं तर त्यातही साध्या उंदराच्या मास्ट सेल मिळतात. इथे एक सापळा आहे आणि त्यात फार लोक अडकतात. मास्ट सेल आणि आतड्यातल्या काहाल पेशी दोन्ही ओळखायला नेहमी किटचीच अँटिबॉडी वापरतात. किट बिघडवलेल्या उंदरात त्या अँटिबॉडीने काही दिसलं नाही, तर पेशी नाहीत की पेशींवर किट नाही, हे सांगता येत नाही. मास्ट सेलसाठी आयजीईचा रिसेप्टर, काहाल पेशींसाठी एएनओ१ असा किटशी संबंध नसलेला खुणेचा रेणू घ्या. आपल्या प्रथिनाने ओळखल्या जाणाऱ्या पेशींच्या बाबतीत हा नियम कुठल्याही जनुकाला लागू.

आतड्याचं काम १९९० च्या दशकात उघड झालं. ‘डब्ल्यू’/‘डब्ल्यू-व्ही’च्या लहान आतड्यात स्नायूंच्या दोन थरांमधल्या काहाल पेशी नसतात आणि विजेच्या संथ लहरी उमटत नाहीत. म्हणजे आतड्याला ताल देणाऱ्या पेशी याच. सोप्या चाचणीसाठी कारमाइन रेड मिथाइलसेल्युलोजमध्ये कालवून तोंडावाटे नळीने द्या आणि पहिली लाल लेंडी किती वेळाने पडते ते मोजा. सगळी जनावरं दिवसाच्या एकाच वेळी घ्या, उंदीर रात्री खातो आणि पोट त्याप्रमाणे चालतं.

वृषण नुसते वजन केले तरी पुरतं. प्रौढ ब्लॅक ६ नराचा एक वृषण साधारण १०० मिलिग्रॅमचा. वंध्य किट म्युटंटमध्ये फार लहान, छेदात नळ्या आहेत पण आत बहुतांश शुक्रपेशींना पोसणाऱ्या सर्टोली पेशीच. नर मादीवर चढतो का हे वेगळं बघा. प्लग पडतो आणि गर्भ राहत नाही, तर दोष वागणुकीत नसून शुक्रपेशींत. मूळ कारण गर्भातलं आहे: ८.५ ते १२.५ व्या दिवसांत अल्कलाइन फॉस्फेटेजने रंगवलेल्या आदिम जननपेशी मोजल्या तर त्या वाढायच्या तेव्हाच वाढलेल्या नसतात.

कान विसरू नका. आतल्या कानाच्या स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस या पट्टीत रंगपेशींपासून आलेल्या पेशी असतात. त्या नसतील तर कानातल्या द्रवाचा विद्युतदाब तयार होत नाही आणि उंदीर बहिरा होतो. किटचं म्युटेशन असलेल्या उंदराला घंटेचा आवाज आणि झटका यांची सांगड शिकवायला बसवलं, तर तो ‘विसराळू’ ठरेल. खरं तर त्याला घंटा ऐकूच आलेली नसते. किट मेंदूतही असतं, त्यामुळे असा चुकीचा निष्कर्ष पटायलाही सोपा. ॲनिमिक उंदीर पळतोही कमी. म्हणून वागणुकीच्या चाचण्या शेवटी, रक्त आणि श्रवण तपासून झाल्यावरच.

पायरी ७: दोष पेशीत की आजूबाजूला?

‘किट’ आणि ‘स्टील’ उंदीर दिसायला जवळपास सारखे. एकात रिसेप्टर गेलेलं, दुसऱ्यात त्याला चिकटणारं प्रथिन. हे जनुकं माहीत नसतानाच, फक्त अस्थिमज्जेची अदलाबदल करून ओळखलं गेलं, आणि ही पद्धत आजही पहिल्या पसंतीची आहे. जॅक्सन लॅबोरेटरीत एलिझाबेथ रसेल यांनी १९५० च्या दशकात दाखवलं की साध्या उंदराची रक्तनिर्मिती करणारी ऊती ‘डब्ल्यू’ म्युटंटमध्ये घातली की ॲनिमिया बरा होतो. किरणं देऊन जागा रिकामी करावी लागत नाही, कारण म्युटंटच्या स्वतःच्या स्टेम सेल इतक्या दुबळ्या असतात की बाहेरच्या पेशी सहज जिंकतात. ‘स्टील’मध्ये साधी मज्जा घालून उपयोग होत नाही, पण ‘स्टील’ची मज्जा ‘डब्ल्यू’ला बरं करते. एकात बी खराब, दुसऱ्यात जमीन.

प्रत्यक्ष करताना दात्याच्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडांतून मज्जा काढा, ४० ते ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, आणि १० ते ५० लाख पेशी २०० मायक्रोलिटरमध्ये शेपटीच्या शिरेतून द्या. दाता आणि ग्राहक एकाच जातीचे हवेत, दात्याच्या पेशी सीडी४५.१/४५.२ सारख्या खुणेने ओळखता यायला हव्यात. गुठळ्या राहिल्या तर त्या फुप्फुसात अडकून उंदीर टेबलावरच मरतो. ४, ८, १६ आठवड्यांनी रक्त तपासा. १६ आठवड्यांआधीचं ‘बरं झालं’ हे स्टेम सेलने केलं की त्यांच्यापासून बनलेल्या अल्पजीवी पेशींनी, हे ठरवता येत नाही.

‘स्टील-डिकी’ या ॲलीलने यात आणखी भर घातली. त्यात स्टेम सेल फॅक्टर बनतो पण पेशीपटलाला धरून राहत नाही, नुसता विरघळलेला सुटतो. तरीही उंदीर ॲनिमिक आणि वंध्य. म्हणजे शेजारच्या पेशीने तो पृष्ठभागावर धरून दाखवणं गरजेचं आहे.

पायरी ८: एका म्युटेशनवर विसंबल्यावर काय होतं

मास्ट सेल नसलेला उंदीर म्हणून ‘डब्ल्यू’/‘डब्ल्यू-व्ही’ वर्षानुवर्षं वापरला गेला. २००२ मध्ये त्याला अँटिबॉडीने होणारा संधिवात होत नाही असं दिसलं आणि मास्ट सेलला दोषी धरलं गेलं. २००७ मध्ये ‘सॅश’ उंदराला, ज्यातही मास्ट सेल नाहीत, तोच संधिवात व्यवस्थित झाला. २०११ मध्ये किटला हात न लावता मास्ट सेल काढलेले उंदीर आले, त्यांनाही झाला. ‘डब्ल्यू’/‘डब्ल्यू-व्ही’ मध्ये न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) कमी असतात, ‘सॅश’मध्ये उलट जास्त, आणि ‘सॅश’च्या उलट्या बसलेल्या डीएनएने कोरिन हे हृदयाशी निगडित जनुकही तोडलेलं आहे. पांढऱ्या कातडीवरून मास्ट सेलपर्यंत एका उडीत गेलं की वाटेतलं हे सगळं नजरेआड होतं.

ठरावीक पेशीतूनच जनुक काढायचं तर लॉक्सपी आणि क्री वापरतात: लॉक्सपी या जनुकाच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या डीएनएच्या खुणा, आणि क्री हे त्यांच्यामधला तुकडा काढणारं एन्झाइम. नियंत्रण म्हणून लॉक्सपी असलेला पण क्री नसलेला उंदीर हवा, आणि क्री असलेला पण लॉक्सपी नसलेलाही हवाच. दुसरा बहुतेक ठिकाणी गाळलेला दिसतो. क्री स्वतः निरुपद्रवी नसतं. वर सांगितलेल्या २०११ च्या उंदरांत मास्ट सेल मेल्या त्या क्रीने त्यांचा डीएनए तोडल्यामुळेच. नेस्टिन-क्री उंदीर कुठलंही जनुक न काढताही लहान राहतात. टॅमॉक्सिफेनने चालू होणारं क्री असेल तर मक्याच्या तेलात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, २५ ग्रॅमच्या उंदराला १०० मायक्रोलिटर पोटात, रोज एक असे ५ दिवस, मग आठवडाभर थांबा. तेच औषध नियंत्रणातल्या जनावरांनाही द्या. टॅमॉक्सिफेन वृषणांवर परिणाम करतं, त्यामुळे प्रजननाचे प्रश्न या मार्गाने सोडवू नयेत.

पायरी ९: माणसाशी पडताळा

किटच्या बाबतीत माणूस आणि उंदीर छान जुळतात, पण पूर्ण नाही. कपाळावर पांढरी बट आणि अंगावर जन्मजात पांढरे चट्टे असलेल्या पायबाल्डिझम या स्थितीत किटची म्युटेशन १९९१ मध्ये सापडली. एक प्रत खराब असलेल्या उंदराच्या पोटावरचा डाग तो हाच. उलट बाजूने, किट सतत चालू ठेवणारी म्युटेशन जठर-आतड्यातल्या जीआयएसटी गाठींत १९९८ मध्ये मिळाली, आणि त्या गाठी काहाल पेशींसारख्या पेशींच्या असतात हे उंदरांमुळे आधीच समजण्याजोगं झालं होतं. ५५८ व्या जागचं व्हॅलिन काढलेल्या उंदरांना तशाच गाठी होतात. किटला रोखणारं इमॅटिनिब घेणाऱ्या काही रुग्णांची त्वचा फिकट होते, काहींचं हिमोग्लोबिन उतरतं. औषध रिसेप्टर अडवतं आणि अंशतः ‘डब्ल्यू-व्ही’चं चित्र तयार होतं. आपल्या प्रथिनावर औषध असेल तर त्याच्या दुष्परिणामांची यादी म्युटंटच्या यादीशेजारी ठेवून वाचा. जिथे जुळत नाहीत तिथे एकतर औषध दुसरंच काही अडवतंय किंवा दोष गर्भकाळातला आहे, प्रौढात दिसणारा नाही.

वंश जपून ठेवणं

मोजमापं संपायची वाट न बघता, एक प्रत खराब असलेल्या तीन-चार तरुण नरांचे शुक्राणू द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. दोन्ही प्रती खराब असलेला नर वंध्य असेल तर त्याच्याकडून काहीच मिळणार नाही, आणि प्राणिगृहात संसर्ग झाला तर पिंजरे रिकामे करायला एक दिवसही पुरतो. गोठवलेल्यातली एक नळी लगेच वितळवून अंडी फलित होतात का ते तपासा. नळीवर ॲलीलचं पूर्ण नाव, पार्श्वभूमीचा उपवंश आणि किती पिढ्या मागे मिसळलं ते लिहा. ‘किट म्युटंट’ एवढंच लिहिलेली नळी पाच वर्षांनी कुणाच्याच उपयोगाची नसते.